‘पॅकेज घ्या ना, मॅडम!’

केस, दात, मान, वजन, रक्त... शहरात आता प्रत्येक गोष्टीचं एक पॅकेज मिळतं. काउंटरवरची मुलगी गोड हसते, कॉफी विचारते आणि कार्ड मशीन पुढे सरकवते. पण चांगली सर्व्हिस ओळखायची कशी? दोन महिने, पाच दारं आणि थोडेसे प्रश्न!

सोमवार ते शुक्रवार आपण कंपनीला ‘मेन्टेन’ करतो आणि शनिवारी स्वतःला. आयब्रो वाढलेल्या असतात, मान आखडलेली असते, दाढ ठणकत असते, जिमचं ‘येत्या एक तारखेपासून’ गेल्या चार महिन्यांपासून सुरू असतं. त्यात आई फोनवर आठवण करून देते, ‘‘अगं, बाबांचं चेकअप करायचं होतं ना?’’

गेल्या दोन महिन्यांत मी ही सगळी राहिलेली कामं एका दमात उरकली. बाणेर, कोथरूड, कर्वे रोड अशी पुणेभर फिरले. पार्लर, जिम, डेंटिस्ट, फिजिओ आणि लॅब. पाच प्रकारची दारं आणि प्रत्येक दाराआड एक वाक्य हमखास ऐकू आलं, ‘‘पॅकेज घेतलंत तर तुम्हालाच स्वस्त पडेल, मॅडम!’’

आता गंमत बघा. वडापाव वाईट असेल तर पहिल्या घासात कळतं. मोबाइल बोगस निघाला तर आठवड्याभरात कळतं. पण रूट कॅनाल नीट झालं का, ते आपल्याला कळतं का? वस्तऱ्याचं ब्लेड कालचं होतं की आजचं, हे गालाला कळतं का? नाही कळत. मग आपण काय करतो? एसी किती गार आहे, सोफा किती मऊ आहे, रिसेप्शनवरची मुलगी किती हसते, यावरून मार्क देतो. खरी सर्व्हिस मात्र पडद्याच्या पलीकडे राहते.

म्हणून या वेळी मी एक साधा फंडा ठेवला. प्रत्येक ठिकाणी कामाचे एक-दोन प्रश्न विचारायचे. आवाज न चढवता, हसून. आणि मग समोरचा काय करतो ते बघायचं. विश्वास ठेवा, सोफ्यापेक्षा त्यातून जास्त कळतं!

कानामागचा टिपका

सुरुवात पार्लरपासून. मॉलमधलं झकास सलोन. खुर्चीवर बसते न बसते तोच निदान झालं, ‘‘मॅम, तुमचे केस खूपच ड्राय आहेत. काही ट्रीटमेंट घेत नाही का?’’ आपले केस म्हणजे जणू मराठवाड्याचा दुष्काळ! मी म्हटलं, मला फक्त कलर करायचाय, पण आधी पॅच टेस्ट कराल का? उत्तर आलं, ‘‘मॅम, आमचा कलर अमोनिया-फ्री आहे. टेस्टची गरजच नाही.’’

इथे जरा थांबूया. अमोनिया वेगळा आणि अ‍ॅलर्जी देणारं रसायन वेगळं. हेअर डायची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा होते ती पीपीडी नावाच्या घटकामुळे आणि तो अमोनिया-फ्री डायमध्येही असू शकतो. डोक्याला खाज, पापण्यांना सूज, क्वचित चेहरा ओळखू येणार नाही इतकी रिअ‍ॅक्शन. शिवाय याआधी दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही, असं नसतं. अ‍ॅलर्जी मध्येच कधीही सुरू होऊ शकते. म्हणून तर डायच्या खोक्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आधी चाचणी करा आणि भुवया-पापण्यांना हा डाय लावू नका. ती ओळ छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. वाचतो कोण?

आमच्या सोसायटीच्या मागे, एका गाळ्यात, एक ताई पार्लर चालवतात. दोन खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर गणपती. त्यांना हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘‘आज कानामागं टिपका लावते. दोन दिवस काही झालं नाही तर परवा ये. खाज आली तर येऊच नको, फोन कर.’’ त्या दिवशी त्यांचा धंदा बुडाला, पण दोन दिवसांनी गिऱ्हाईक पक्कं झालं.

वॅक्सिंगचंही तसंच. अंगावरून फिरवलेली पट्टी पुन्हा त्याच डब्यात बुडवली जातेय का, एवढं बघा. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं टोक दातात धरलं जातं की मानेला अडकवलं जातं, तेही बघा. या बघण्याला काही पैसे पडत नाहीत.

वस्तरा, चंपी आणि कडकड

मुलांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका! माझ्या टीममधला एक जण दर पंधरा दिवसांनी दाढी सेट करायला जातो. त्याला मी कामाला लावलं. ‘‘ब्लेड माझ्यासमोर बदलाल का?’’ एवढंच विचारायचं. कंपनीजवळच्या महागड्या सलोनमध्ये उत्तर मिळालं, ‘‘सर, वुई मेन्टेन हायजीन.’’ म्हणजे हो की नाही, ते कळलंच नाही. कोपऱ्यावरच्या साध्या सलूनमध्ये काका म्हणाले, ‘‘हे घ्या की!’’ आणि ब्लेडचं पाकीट त्याच्यासमोर फोडलं, ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवलं. चार सेकंदांचं काम!

ही चार सेकंदं महत्त्वाची का? तर हेपटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, म्हणजे सुकलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातसुद्धा, कमीत कमी सात दिवस जिवंत राहू शकतो. आधीच्या गिऱ्हाइकाला बारीकसं कापलं असेल आणि तेच ब्लेड तुमच्या गालावर फिरलं तर? या आजारावर लस आहे. मोठ्यांना सहसा सहा महिन्यांत तीन डोस देतात. घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारून घेऊन टाका.

आणि चंपीनंतर ते ‘मान मोडून देऊ का?’ प्लीज, नको! कडकड आवाज आला की मस्त हलकं वाटतं, मान्य. पण मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात आणि झटक्यानं त्यांना इजा होऊ शकते. बेसिनवर मान मागे टाकून केस धुतानाही क्वचित असं होतं. १९९३ मध्ये एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टनं अशा पाच केसेस मांडल्या आणि त्याला नावच पडलं, ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक सिंड्रोम’. घाबरायचं कारण नाही, हे दुर्मीळ आहे. पण बेसिनवर मान दुखली तर ‘थांबा’ म्हणायला लाजू नका. मानेखाली टॉवेलची घडी मागा.

जाता जाता बिलाचं. सलोन, जिम, योगा क्लास यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तरीही तुमच्या बिलावर १८ दिसत असेल तर विचारा. आणि ‘जीएसटी एक्स्ट्रा’ म्हणणाऱ्या बिलावर जीएसटी नंबरच नसेल तर आणखी जोरात विचारा. ज्यांची नोंदणीच नाही, त्यांना हा कर घेता येत नाही.

जिम आणि सहा हप्त्यांची गोष्ट

जिममध्ये गेल्यावर आधी वजन होतं. मग फॅट टक्के, मग ‘बॉडी एज’. मी ३१ ची, माझी बॉडी ४२ ची निघाली! त्याच क्षणी लॅमिनेट केलेला तक्ता पुढे आला. एक महिना तीन हजार, वर्षाचे चौदा हजार. ‘‘पण ही ऑफर फक्त आजच्यासाठी आहे, मॅम!’’ (ती ऑफर पुढच्या शनिवारीही ‘फक्त आजच्यासाठी’च होती. मी मुद्दाम फोन केला.)

मी विचारलं, आधी एक महिना भरून बघू का? मध्ये ऑनसाइटला जावं लागलं तर मेंबरशिप थांबवता येते का? तुमची ही शाखा बंद झाली तर काय? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं. तिसऱ्याला हसू मिळालं.

हसण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या एका कलीगनं लेझरनं केस काढायचं पॅकेज घेतलं होतं. सहा सिटिंग्ज, तीस हजार रुपये, ‘नो कॉस्ट ईएमआय’. दोन सिटिंग्ज झाल्या आणि एका सोमवारी क्लिनिकला कुलूप. फोन बंद. हप्ता मात्र चालू! कारण तिनं क्लिनिकला हप्त्यानं पैसे दिलेच नव्हते. एका फायनान्स कंपनीनं तिच्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम क्लिनिकला आधीच देऊन टाकली होती. हप्ता चुकवला तर तिचा क्रेडिट स्कोअर घसरणार आणि पुढच्या वर्षी तिला होम लोन घ्यायचंय. न मिळालेल्या चार सिटिंग्जचे पैसे ती दर महिन्याला भरतेय आणि क्लिनिक व फायनान्स कंपनी अशा दोघांविरुद्ध तिनं ग्राहक आयोगात तक्रार केलीय. निकाल अजून लागायचाय.

म्हणून ईएमआयवर सही करण्याआधी एवढं विचाराच, हे कर्ज आहे का? कोणाचं? सर्व्हिस थांबली तर हप्ता थांबेल का? उत्तर कागदावर मिळत नसेल तर ते उत्तर नाही, असं समजा.

आणखी एक. पावतीवर ‘नो रिफंड’चा शिक्का मारला म्हणजे विषय संपला, असं अजिबात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची वेगळी व्याख्याच आहे. सदोष सेवा देऊन पैसे परत न करणं आणि बिल किंवा पावती न देणं, या दोन्ही गोष्टी त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. शिक्का रबराचा असतो, कायदा नसतो!

दाढ एक, डॉक्टर दोन

आता दाढ. गोड खाल्लं की सणकन कळ जायची. पहिल्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला आणि दोन मिनिटांत निकाल लागला. रूट कॅनाल आणि वर कॅप, पंधरा हजार. ‘‘आज सुरू केलं तर कॅपवर डिस्काउंट देतो.’’ मी म्हटलं, एक्स-रेवर नक्की काय दिसतंय ते दाखवाल का? डॉक्टरांचा चेहराच बदलला. ‘‘तुमचा आमच्यावर विश्वास आहे की नाही?’’

विश्वास आहे म्हणून तर आले ना! मी एक्स-रेची कॉपी मागितली, ऑफिसमध्ये फोन करून सुट्टी अर्ध्या दिवसानं वाढवली आणि दुसरं क्लिनिक गाठलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला. ‘‘हा काळा भाग म्हणजे कीड. ही आतली नस. मध्ये अजून जागा आहे. म्हणून मी आधी फिलिंग सुचवेन. पण रात्री आपोआप ठणका लागला किंवा गरम प्यायल्यावर कळ बराच वेळ टिकली, तर मात्र रूट कॅनाल करावं लागेल. गॅरंटी देत नाही.’’ फिलिंगचे बाराशे रुपये झाले.

दोन दंतवैद्यांची मतं वेगळी असू शकतात. कीड नसेच्या किती जवळ आहे, हा अंदाजाचाही भाग असतो आणि पहिले डॉक्टर लबाडच होते असं मी म्हणणार नाही. पण एकानं मला कारण दिलं आणि दुसऱ्यानं डिस्काउंट. तोंड उघडून त्या खुर्चीवर पडायचं असेल तर मला कारण जास्त जवळचं वाटतं.

डेंटिस्टकडे अजून एक गोष्ट बघा. हत्यारं सीलबंद पाकिटातून, तुमच्यासमोर बाहेर येतात का? ती पाकिटं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे १२१ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या दाबाखालच्या वाफेतून काढलेली असतात आणि त्यांच्यावरची खूण या वाफेत रंग बदलते. मी विचारल्यावर मॅडमनी ती खूण कौतुकानं दाखवली. आपलं काम नीट करणाऱ्या माणसाला ते दाखवायला आवडतंच!

दहा सेशन्स, अ‍ॅडव्हान्समध्ये

लॅपटॉपवर वाकून वाकून मानेचं जे होतं, ते तुमचंही होत असेलच. फिजिओकडे गेले. पहिल्या ठिकाणी कोणी मानेला हात लावण्याआधीच दहा सेशन्सचे पैसे अ‍ॅडव्हान्स मागितले. मग पंधरा मिनिटं मशिनच्या गुदगुल्या, दहा मिनिटं शेक, टाटा बाय बाय. मी विचारलं, घरी मी काय करू? ‘‘काही नाही, तुम्ही फक्त येत राहा.’’

दुसऱ्या ठिकाणच्या सरांनी आधी माझ्या टेबलाची उंची विचारली. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणायला सांगितलं, तीन व्यायाम शिकवले, फोनवर व्हिडिओ काढून दिला. म्हणाले, ‘‘चार वेळा या. पाचव्यांदा आलात तर माझं काहीतरी चुकलं असं समजा.’’ मानदुखीत व्यायामाला आणि बसायच्या सवयीला पर्याय नाही. मशिन तात्पुरता आराम देतं. तुम्हाला स्वतःच्या पायांवर उभं करून घरी पाठवणारा फिजिओ तुमचा, हे सोपं गणित आहे.

बाबांच्या रिपोर्टवरचे तीन बाण

आणि आता बाबा. त्यांच्यासाठी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं पॅकेज बुक केलं. ७२ टेस्ट, पंधराशे रुपये. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. १६ पानं, रंगीत आलेख आणि तीन लाल बाण. संध्याकाळी बाबांना लॅबमधून फोन, ‘‘सर, तुमच्या रिपोर्टमध्ये तीन व्हॅल्यूज अ‍ॅबनॉर्मल आहेत. आमचं अ‍ॅडव्हान्स पॅकेज करून घ्या.’’ त्या रात्री बाबा झोपले नाहीत. आई देवापुढे बसली. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

रिपोर्टवर जी ‘नॉर्मल रेंज’ छापतात, ती बहुतेक टेस्टच्या बाबतीत अशी ठरते. निरोगी माणसांचे आकडे घ्यायचे, सगळ्यात वरचे अडीच टक्के आणि सगळ्यात खालचे अडीच टक्के सोडायचे, मधले ९५ टक्के म्हणजे नॉर्मल. म्हणजे १०० धडधाकट माणसांतही पाच जण रेंजच्या बाहेर असणारच! आता टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर २० टेस्ट केल्यावर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवर एक तरी बाण येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ७२ टेस्ट केल्या तर ९७ टक्क्यांच्या वर. म्हणजे एवढ्या टेस्टमध्ये बाण आला नाही, तरच आश्चर्य!

शनिवारी सकाळी बाबांना घेऊन आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर, फी तीनशे रुपये. त्यांनी १६ पानं दोन मिनिटांत चाळली, दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काढून शेजारी ठेवला. ‘‘युरिक अ‍ॅसिड किंचित वर आहे, मागेही होतं. व्हिटॅमिन डी कमी आहे, गोळी देतो. तिसऱ्या बाणाला काही अर्थ नाही.’’ मग त्यांनी बाबांना विचारलं, ‘‘बीपी कधी बघितलं होतंत?’’ बाबा आठवत राहिले.

बीपी निघालं १५८-९६. आठवड्यानं पुन्हा बघितलं, तरी १५४-९४. दवाखान्यातलं बीपी वेगवेगळ्या दिवशी १४०-९० किंवा वर राहिलं तर ते हाय बीपी. बाबांना ना डोकेदुखी, ना चक्कर. काहीच होत नव्हतं. हाच तर त्याचा त्रास आहे, ते काही न बोलता हृदय, मेंदू आणि किडनीवर काम करत राहतं. आता गोळी सुरू आहे, मीठ कमी झालंय, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेलीय.

७२ टेस्टमध्ये बीपी नव्हतं. असणारही कसं? ते रक्ताच्या बाटलीत मावत नाही. त्यासाठी कुणीतरी समोर बसून हाताला पट्टा बांधावा लागतो आणि ‘काय होतंय?’ असं विचारावं लागतं.

चेकअप वाईट नाही. पण ‘जास्त टेस्ट म्हणजे जास्त काळजी’ हे समीकरण खोटं आहे. लक्षण नसलेल्या बाईला पॅकेजमधून सीए-१२५ सारखी कॅन्सर मार्कर टेस्ट करायला तज्ज्ञ सांगत नाहीत, कारण ती इतर साध्या कारणांनीही वाढते आणि घरभर भीती पसरवते. आधी डॉक्टर, मग त्यांनी सांगितलेल्या टेस्ट, हा जुना क्रमच बरोबर आहे.

काउंटरच्या पलीकडे

एक दिवस जिमच्या रिसेप्शनवरची मुलगी माझ्यासोबत लिफ्टमध्ये होती. युनिफॉर्मवर स्वेटर, हातात डबा. मी सहज विचारलं, एवढा आग्रह का करता गं? ती म्हणाली, ‘‘ताई, महिन्याला पंधरा वर्षभराच्या मेंबरशिप विकल्या नाहीत तर इन्सेंटिव्ह जातो. पगार किती असतो, तुम्हाला माहितीच आहे.’’

माहितीये. टार्गेट आपल्यालाही असतं. म्हणून हे प्रश्न तिच्या अंगावर फेकायचे नाहीत. दहा तास उभी राहणारी पार्लरमधली मुलगी, फोनवर ‘अ‍ॅबनॉर्मल’ शब्द उच्चारणारा लॅबचा मुलगा, यांच्या हातात स्क्रिप्ट दिलेलं असतं. ते लिहिणारा मालक दुसरीकडेच बसलेला असतो. आपला प्रश्न खऱ्या अर्थानं त्याला असतो. आणि पुरेशा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न विचारला की स्क्रिप्ट बदलतं. हॉटेलात ‘बिसलेरी की साधं?’ असं विचारल्यावर ‘साधं’ म्हणायला आपण शिकलोच की!

आणि बिनसलंच तर?

सगळं विचारूनही गडबड होऊ शकते. तेव्हा तोंडी भांडणात वेळ घालवू नका. आधी लेखी तक्रार, ई-मेल चालेल. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, तिथे मराठीतही बोलता येतं. तरीही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही.

डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवाही यात येते. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच ते स्पष्ट केलंय. मात्र गुण आला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं नसतं, तो दाखवून द्यावा लागतो. त्यासाठी कागद हवेत. हॉस्पिटलमधले तुमचे रेकॉर्ड मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. आपला नोंदणी क्रमांक आणि फी क्लिनिकमध्ये लावणं, हेही त्याच नियमांत आहे. पुढच्या वेळी वेटिंगमध्ये बसाल तेव्हा मोबाइलमधून मान वर करून भिंत बघा.

पर्समध्ये ठेवा, वॉलेटमध्ये ठेवा!

- सलोनमध्ये: ब्लेड समोर बदलाल का? कलरच्या दोन दिवस आधी पॅच टेस्ट कराल का?
- जिममध्ये: एक महिन्याचं घेता येईल का? थांबवायचं असेल तर नियम कुठे लिहिलाय?
- डेंटिस्टकडे: एक्स-रेवर काय दिसतंय? आज केलं नाही तर काय होईल? दुसरा पर्याय कोणता?
- फिजिओकडे: घरी काय करू? किती सेशन्सनंतर फरक दिसायला हवा?
- लॅबमध्ये: ही टेस्ट कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी सांगितलीय?
- ईएमआयच्या आधी: हे कर्ज कोणाचं? सर्व्हिस बंद पडली तर?
- सगळीकडे: बिल मिळेल ना?

दोन महिन्यांचा माझा हिशेब सांगते. पाच प्रकारच्या दारांत मी ज्यांना परत जाईन, त्या जागांत मऊ सोफा एकाकडेच होता. पण एक गोष्ट सगळ्यांकडे होती. प्रश्न ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. सलूनवाल्या काकांनी पाकीट फोडलं, पार्लरवाल्या ताईंनी परवा बोलावलं, डेंटिस्ट मॅडमनी स्क्रीन फिरवला, फिजिओ सरांनी चारच वेळा या म्हटलं आणि फॅमिली डॉक्टरांनी उलट बाबांनाच प्रश्न विचारला.

तेव्हा येत्या शनिवारी कुठेही जा. गोड हसून एक प्रश्न विचारा आणि कार्ड काढायच्या आधी समोरचा चेहरा नीट बघा. सर्व्हिस कशी मिळणार, ते तिथेच लिहिलेलं असतं!